जव्हार-मोखाड्याचा बोहाडा



वसंत ऋतूत व्याख्याने ऐकण्याची आपली रीत न्यायमूर्ती रानड्यांच्या काळापासूनची. १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. पुढे ती गावोगाव पसरली, आणि मराठी मध्यमवर्ग गिरगाव-दादर सोडून रेल्वेच्या रुळांच्या कडेकडेने उत्तरेला सरकू लागला, तेव्हा पाटावरवंटा आणि देव्हारा यांच्याबरोबर ही व्याख्यानमालाही त्याने उपनगरांत आणली. परीक्षा संपलेल्या, आंबा अजून महाग, संध्याकाळी थोडा वारा सुटतो, अशा दिवसांत आपण येथे येऊन बसतो आणि कुणीतरी आपल्याला काहीतरी सांगतो.

होळीपासून वैशाखापर्यंतच्या याच दिवसांत, आपल्या या सभागृहापासून फार तर अर्ध्या दिवसाच्या प्रवासावर, सह्याद्रीच्या एका पठारावर दुसरी एक मालिका चालू असते. तीही रात्रीची असते, तिलाही श्रोते जमतात आणि तिचाही क्रम आधी ठरलेला असतो. फरक इतकाच की तेथे वक्ते बोलत नाहीत, ते मुखवटे चढवून नाचतात. या मालिकेचे नाव बोहाडा. नाशिककडच्या काही गावांत तिला आखाडी म्हणतात, खानदेशात भोवाडा म्हणतात, डांगच्या जंगलात भवाडा म्हणतात. मी आज बोलणार आहे ते जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांतल्या बोहाड्याविषयी.

जाण्याच्या वाटा दोन. बोरिवली-अंधेरीकडच्यांनी महामार्गाने मनोरला जावे आणि विक्रमगडवरून घाट चढून जव्हार गाठावे. मुलुंड-घाटकोपरकडच्यांना कसाऱ्यापर्यंत लोकल आहे, तेथून एस. टी. किंवा जीप विहीगावावरून खोडाळ्याला आणि पुढे मोखाड्याला नेते. मी दुसऱ्या वाटेने गेलो. वाटेत वैतरणा ओलांडावी लागते. तिच्याविषयी पुढे बोलेनच. जव्हारचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच. माती तांबडी, उतार उभे, पिके नागली, वरई आणि खाचरांतला भात. पावसाळ्यात येथे धबधबे पाहायला मुंबईकर येतात. चैत्रात कुणी येत नाही, कारण तेव्हा डोंगर करपलेला असतो आणि विहिरींचे तळ दिसत असतात. उत्सव मात्र तेव्हाच असतो.

आम्ही पोचलो तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते आणि अजून काहीच सुरू झाले नव्हते. शहरी माणसाला पहिला धडा तेथेच मिळतो. देवळापासून निघणारी गावाची मुख्य गल्ली हाच रंगमंच. तिच्या दोन्ही बाजूंना, ओट्यांवर, पायऱ्यांवर, घोंगड्या आणि गोधड्या अंथरून माणसे बसलेली. तान्ही मुले झोपलेली, म्हातारी जागी. खेळण्यांची, भज्यांची, बांगड्यांची दुकाने. मग केव्हातरी संबळ कडाडला, पिपाणीने तो तीक्ष्ण सूर धरला, आणि गल्लीच्या टोकाला टेंभे दिसू लागले. पहिला मान गणपतीचा, त्यामागून शारदा. सोंग चार पावले पुढे येते, दोन मागे जाते, गिरकी घेते, पुन्हा पुढे सरते. टेंभेवाले त्याच्या तोंडावर उजेड धरून उलट्या पावली चालतात. शंभर-दोनशे पावलांची गल्ली पार करायला एका सोंगाला अर्धा तास सहज लागतो. एक सोंग देवळाशी पोचले की दुसरे निघते. रावण येतो, नरसिंह येतो, खंडेराव येतो, त्राटिका आली की पोरे किंचाळत आयांच्या पदरात शिरतात. लोक बावन्न सोंगे म्हणतात. मी मोजली नाहीत. हे अनेक रात्री चालते आणि शेवटच्या रात्री, तिला मोठा बोहाडा म्हणतात, सोंगांची सगळी रांग निघते आणि पहाटे जगदंबा व महिषासुर यांचे युद्ध होते.

मुखवटे पूर्वी हलक्या लाकडाचे कोरलेले असत, आता बरेचसे कागदाच्या लगद्याचे असतात. काही इतके मोठे असतात की बाजूच्या आराशीसकट ते माणसाच्या खांद्यांच्या बाहेर जातात. ते कपाळाला, हनुवटीला आणि पाठीला फडक्यांनी आवळून बांधावे लागतात. आतून दिसण्यासाठी असतात ती दोन बारीक भोके. आमच्यातल्या एका हौशी गृहस्थांनी कॅमेऱ्याचा झगझगीत दिवा नरसिंहाच्या तोंडावर मारला, तेव्हा एक म्हातारा शांतपणे उठून आला आणि म्हणाला, “दादा, तेवढं बंद करा. आतल्याला आधीच दिसत नाही.” आमचे गृहस्थ ओशाळले. मला मात्र ते वाक्य घरी येईपर्यंत पुरले. मुखवटा पाहायला आलेले आम्ही, आत कुणी आहे हे विसरलो होतो, आणि त्या म्हाताऱ्याला आतलाच दिसत होता.

आता हा आतला कोण, हा इतिहासाचा प्रश्न आहे. या पठाराविषयी लिहिलेले जुने कागद उघडले तर काय सापडते? १८८२ साली कॅम्बेलसाहेबांच्या संपादनाखाली निघालेल्या ठाणे गॅझेटियरमध्ये जव्हारच्या राजघराण्याची मूळकथा दिली आहे. त्या कथेप्रमाणे मुसलमानी स्वाऱ्यांच्या आधी उत्तर कोकणाचा पुष्कळसा भाग कोळी आणि वारली नायकांकडे होता व जव्हार एका वारली नायकाचे होते. जयबा मुकणे नावाचा कोळी सरदार त्याच्याकडे आला आणि एका बैलाच्या कातड्यात मावेल इतकीच जमीन त्याने मागितली. वारल्याने होकार दिला. जयबाने कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडली आणि त्यांनी सारा गडच वेढला. पुढे त्याच्या मुलाला, नेमशहाला, दिल्लीच्या सुलतानाने मान्यता दिली, बावीस किल्ले आणि नऊ लाखांचा मुलूख त्याच्याकडे होता म्हणतात. आणि ५ जून १३४३ या दिवसापासून जव्हारने आपला स्वतःचा शक चालू केला. त्यानंतर मोगल, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज सर्वांशी कमीअधिक झटापटी व तडजोडी करीत हे कोळ्यांचे लहानसे राज्य सहाशे वर्षे टिकले आणि १९४८ साली मुंबई इलाख्यात विलीन झाले. सहाशे वर्षे! पेशवाईचे आयुष्य किती, ते आपण जाणताच.

कातड्याची गोष्ट जगभर सापडते. कार्थेजची राणी डायडो हिनेही आफ्रिकेच्या किनाऱ्यावर हीच युक्ती केली, असे रोमन सांगत. तेव्हा जयबाने खरोखर बैलाचे कातडे कापले असे मानायचे कारण नाही. परंतु गोष्ट घडली नाही म्हणून ती निरुपयोगी ठरत नाही. राजघराण्यांच्या मूळकथा बहुधा सूर्यापासून नाहीतर चंद्रापासून निघतात. ही कथा मात्र स्वच्छ कबूल करते की जमीन आधी दुसऱ्याची होती आणि ती शक्तीने नव्हे, युक्तीने घेतली गेली. विजेत्यानेच सांगितलेल्या कथेत फसलेल्याची आठवण शिल्लक राहावी हे मला विलक्षण वाटते. महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात याची दखल थोडी घेतली गेली आहे. आपण शिवाजी महाराज १६६४ च्या सुरतेच्या मोहिमेत जव्हारवरून गेले आणि शिरपामाळावर विक्रमशहाने त्यांचे स्वागत केले ही परंपरा सांगतो, तेथे फलक लावतो, आणि पुढे जातो. जव्हार आपल्या इतिहासात वाटेवरचे गाव म्हणूनच येते.

बाकीच्या कागदांत वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी हे लोक दिसतात ते जंगलखात्याच्या नोंदीत, सावकाराच्या वहीत आणि तगाईच्या यादीत. शेजारच्या डहाणू-उंबरगावात लग्नापुरते कर्ज काढलेला माणूस जन्मभर मालकाचा लग्नगडी होऊन राहत असे. १९४५ साली वारल्यांनी ती वेठ झुगारली. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ती हकीकत आहे. कागदावर हे लोक आले तेव्हा देणेकरी म्हणून आले. बोहाड्याच्या गल्लीत ते येतात ते मानकरी म्हणून, आणि म्हणूनच बोहाड्याला मी करमणूक न म्हणता दप्तर म्हणतो. अमुक सोंग अमुक घराचे, ते बापाकडून मुलाकडे जायचे. संबळ अमुक्यांनी वाजवायचा, टेंभा अमुक्यांनी धरायचा. काही गावांत सोंगावर बोली लागते आणि ज्याने ती घेतली त्याच्या घरची त्या वर्षाची मिळकत तीत जाते. ज्याच्या नावावर एक गुंठाही नाही त्याच्या नावावर एक रावण असू शकतो, आणि ही नोंद कुठल्याही तलाठ्याला खोडता येत नाही.

विद्वान मंडळी येथे एक शंका काढतात. रामायण-महाभारतातली आणि पुराणांतली ही पात्रे डोंगरातल्या लोकांची मुळातली नव्हेत. ती सपाटीवरून आली. तेव्हा अस्सल आदिवासी असे यात काय उरले? घाटमाथ्यावर त्र्यंबकेश्वर आहे, यात्रेकरूंची, कीर्तनकारांची, खेळ करणाऱ्यांची ये-जा शतकानुशतके होती. पात्रे आली असतील यात नवल नाही. पण ती आल्यावर त्यांचे काय झाले ते पाहा. वेताळ आणि नरसिंह एकाच रांगेत, एकाच संबळावर नाचतात. राक्षसांचीही सोंगे मानाची आहेत. रावणाचे सोंग घेणारा आपल्या सोंगाविषयी कमीपणाने बोलत नाही. मुखवटा बांधण्याआधी त्याला नमस्कार होतो, मग तो देवाचा असो की दैत्याचा.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नव्हे. याला अगदी जवळचे उदाहरण पृथ्वीच्या पाठीवर पार दुसऱ्या बाजूला, मध्य अमेरिकेतल्या ग्वातेमाला देशात आहे. मी तेथे गेलेलो नाही. जे सांगतो ते वाचनातले. तेथील डोंगराळ भागात, सुमारे दोन हजार मीटर उंचीवर, चिचिकास्तेनांगो नावाचे गाव आहे. वस्ती माया वंशाच्या किचे लोकांची. १५२४ साली पेद्रो दे आल्वारादो या स्पॅनिश सरदाराने किचे राज्य बुडवले; १५४० च्या सुमारास या गावात जुन्या देवळाच्या चौथऱ्यावर संत तोमासचे चर्च उभे राहिले. चौथऱ्याच्या अठरा पायऱ्या मात्र तशाच राहिल्या. माया पंचांगात वीस-वीस दिवसांचे अठरा महिने. पायऱ्यांचा हिशेब लोक त्याच्याशी जोडतात. त्या पायऱ्यांवर आजही किचे लोक धूप जाळून आपल्या पूर्वजांना हाक मारतात आणि मग आत जाऊन मेणबत्त्या लावतात. याच गावी १७०१ ते १७०३ च्या दरम्यान हिमेनेस नावाच्या पाद्र्याने किचे लोकांचा जुना ग्रंथ ‘पोपोल वूह’ उतरवून घेतला. त्याची ती नक्कल राहिली म्हणून जगाला तो ग्रंथ मिळाला.

डिसेंबरात २१ तारखेला संत तोमासचा मोठा उत्सव होतो. उंच खांबाला गुंडाळलेल्या दोरांना लटकून माणसे गरगरत खाली उतरतात, आपल्याकडच्या बगाडाची आठवण व्हावी असा तो प्रकार. त्या भागातल्या उत्सवांत ‘विजयाचा नाच’ म्हणून एक नाच असतो. किचे तरुण गुलाबी गालांचे, सोनेरी दाढीचे लाकडी मुखवटे घालून स्पॅनिश शिपाई होतात, आणि त्यांचाच एक भाऊबंद तेकून उमान होऊन आल्वारादोच्या हातून मरतो. जिंकले गेले त्यांनीच जिंकणाऱ्याचा मुखवटा चढवून आपल्या पराभवाचा खेळ शेकडो वर्षे करायचा! वरवर पाहणाऱ्याला ही गुलामी वाटेल. पण ज्या लोकांच्या पोथ्या जाळल्या गेल्या त्यांना आपला राजा कोण होता आणि तो कसा पडला, हे मुलांना सांगण्याची दुसरी जागाच उरली नव्हती. त्या नाचाचे मुखवटे आणि कपडे खास कारखान्यांतून भाड्याने मिळतात, आणि ते भाडे भरण्यासाठी माणसे कर्ज काढतात. बोलीने सोंग घेणाऱ्या माझ्या मोखाड्याच्या माणसाला हे ऐकून काहीच आश्चर्य वाटले नसते.

साम्य येथेच संपत नाही, आणि पुढचे साम्य आनंदाचे नाही. त्या डोंगरातले किचे लोक वर्षातून काही महिने किनाऱ्यावरच्या कॉफीच्या आणि कापसाच्या मळ्यांत मजुरीला उतरत आले. १९६० ते १९९६ या काळात त्या देशात यादवी झाली; दोन लाखांवर माणसे मेली वा नाहीशी झाली आणि त्यांतले बहुसंख्य माया होते. त्याच किचे मुलखातली रिगोबेर्ता मेंचू हिला १९९२ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्या पठाराचे नाव वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर आले तेही १९९२ सालीच. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी येथे कुपोषणाने मुले दगावली. मंत्री आले, समित्या आल्या, मोटारींचा धुरळा उडाला. पुढे २०१४ च्या १ ऑगस्टला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, कार्यालये जवळ आली. कुपोषणाच्या बातम्या त्यानंतरही थांबल्या नाहीत.

आता वैतरणेकडे वळतो. १८६० ला विहार, १८७९ ला तुळशी, १८९२ ला तानसा अशी पाणी शोधीत मुंबई उत्तरेला सरकत गेली आणि वैतरणेला येऊन पोचली. १९५७ साली मोडकसागर झाले. मुंबईचे अभियंते नानासाहेब मोडक यांचे नाव त्याला आहे. १९७३ साली अप्पर वैतरणा झाले. २०१४ साली मोखाडा तालुक्यात कोचाळे येथे मध्य वैतरणेचे १०२ मीटर उंचीचे धरण शहराच्या सेवेला लागले. रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी त्याने वाढवले. ते नदीतून मोडकसागरात येते आणि तेथून जलवाहिन्यांनी व बोगद्यांनी भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रात. आपल्यासमोर टेबलावर हा जो तांब्या ठेवला आहे, श्रोतेहो, त्यातले पाणी बहुधा मी सांगतो त्या डोंगरातून आले आहे. आणि मी बोहाडा पाहिला त्या गावाच्या वाटेवर, दिवस कलता कलता, हंड्यांची रांग टँकरची वाट पाहत उभी होती. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणाऱ्या मुलखात! खडक पाणी धरीत नाही हे खरे. पण धरण धरते, आणि त्याचा नळ आपल्याकडे उघडतो हेही खरेच.

पाण्यामागोमाग माणसेही येतात. भात झोडून झाला की दिवाळीनंतर गावे रिकामी होतात. भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्या, रेतीचे बंदर, आपल्या उपनगरांतली बांधकामे. ज्या म्हाताऱ्याने दिवा बंद करायला सांगितले त्याच्या शेजारी मी पुढे बराच वेळ बसलो. त्याच्या मुलाचे सोंग त्या रात्रीचे होते. मुलगा काय करतो असे मी विचारले. “तुमच्याच बाजूला असतो, मुलुंडला. बिल्डिंगीच्या कामावर. कालच आला.” किती दिवस राहणार? “सोंग नाचंल, देवीचं लढाई होईल, मग जाईल परत.” मुकादमाने सुटी दिली का, हा माझा प्रश्न त्याला कळला नसावा, किंवा कळून त्याने तो सोडून दिला. थोड्या वेळाने म्हणाला, “नाही आला तर सोंग दुसऱ्याकडं जातं. मग आमचं गावात काय राहिलं?”

या एका वाक्यासाठी मी हे व्याख्यान पत्करले. बोहाडा जुना आहे म्हणून टिकला, असे आपण म्हणतो. जुन्या गोष्टी टिकायच्याच असे काही नाही, याच पठारावरच्या कितीतरी नाहीशा झाल्या. विलीनीकरणात शक गेला, साग कापला जाऊन जंगल विरळ झाले. बोहाडा टिकला तो वर्षातून एकदा प्रत्येक घराला हजेरी द्यायला लावतो म्हणून. ज्याच्या पाठीमागे घर ओस पडते त्याला त्या घरी परतण्याचे कारण तो देतो.

आणि म्हणून अलीकडे जे चालले आहे त्याविषयी माझे मन साशंक आहे. महोत्सवांतून, शहरांतल्या मंचावर, बोहाड्याचा वीस मिनिटांचा नमुना दाखवतात. सोंगे भराभर येतात, विंगेत जातात, निवेदिका गोड आवाजात माहिती सांगते. हस्तकलेच्या प्रदर्शनांत मुखवटे विकायला असतात. विकू नयेत असे मी म्हणणार नाही. करणाऱ्याला चार पैसे मिळतात आणि पोट कुणाला चुकले नाही. माझ्याही घरी एक त्राटिका भिंतीवर आहे. पण तिला डोळ्यांची भोके पाडलेलीच नाहीत. करणाऱ्याने ती गिऱ्हाइकासाठी केली, आत कुणी शिरणार नाही हे त्याला ठाऊक होते. चिचिकास्तेनांगोच्या चर्चमध्ये आत छायाचित्रे घेण्यास मनाई आहे असे वाचले. बाहेर, बाजाराच्या दिवशी, काय हवे ते घ्या. ही सीमा त्या लोकांनी स्वतः आखली. मोखाड्यातही ती आखली जाते, फक्त फलक लावून नव्हे, उठून जवळ येऊन सांगून.

शेवटची रात्र मी पाहिली. पहाटे साडेपाचच्या सुमारास देवी आणि महिषासुर समोरासमोर आले. संबळवाल्यांचे हात सुजले असावेत. दोघांनी एकमेकांवर इतक्या चाली केल्या की कोण कुणाचा पाठलाग करतो ते समजेना, आणि मग उजाडता उजाडता महिषासुर पडला. लोक उठले, गोधड्या झटकल्या. मी त्या तरुणाला शोधले. तो ओट्यावर बसून चहा पीत होता, कपाळावर आणि हनुवटीखाली आवळलेल्या फडक्याचे लाल वळ होते. मुखवटा त्याच्या आईने धुतलेल्या लुगड्यात गुंडाळला आणि आढ्याला, उंदरांच्या वाटेपासून दूर, टांगून ठेवला. सात वाजता कसाऱ्याकडे जाणारी जीप आली. आम्ही दोघे एकाच जीपने निघालो. वैतरणेच्या पुलापर्यंत तो झोपला होता.